मूळ गाव पद्मेपलीकडे

नवीन ओळख झाली की आपल्याकडे तिसरा-चौथा प्रश्न ठरलेला असतो. मूळ गाव कुठलं? तुम्ही पुण्यात जन्मलात, ठाण्यात वाढलात, आता नोकरीला बेंगळुरूत आहात, तरी उत्तर येतं सातारा, नाहीतर लातूर, नाहीतर सावंतवाडी. तिथे जाणं होतं वर्षातून एकदा, जत्रेला किंवा गणपतीला. काही वर्षं तेही जमत नाही. पण गाव तिथे आहे आणि एसटी तिकडे जाते, एवढं माहीत असलं तरी पुरतं.

आता समजा, एका वर्षी ती एसटीच बंद झाली. गाव बुडालेलं नाही, जळालेलं नाही. नदीच्या या काठावर उभं राहिलात तर पलीकडे दिसतंय. पण मधल्या पाण्यावरून कुणीतरी एक रेष ओढलीय आणि आता तो परदेश आहे.

ऋत्विक घटक नावाच्या माणसानं या एका गोष्टीवर आयुष्य लावलं. पंचवीस वर्षांत जेमतेम आठ सिनेमे पूर्ण केले, त्यातले दोन लोकांना दिसले ते ते गेल्यानंतर. पन्नाशी उलटली आणि संपले. सत्यजित राय यांचं नाव तुम्ही नक्की ऐकलेलं असेल. घटक त्यांच्याच शहरातले, त्यांच्याच पिढीतले, आणि स्वभावानं अगदी दुसऱ्या टोकाचे. रायांच्या सिनेमात सगळं कसं नेमकं, मापात. घटकांचा सिनेमा अंगावर येतो. पहिल्यांदा बघताना तुम्हाला तो ओव्हर वाटेल, हे आधीच सांगून ठेवते. मलाही वाटला होता.

घटकांचा जन्म ४ नोव्हेंबर १९२५ चा, ढाक्यातला. वडील सुरेशचंद्र सरकारी नोकरीत, जिल्हा मॅजिस्ट्रेट. त्यामुळे बदल्या होत राहिल्या, पण लहानपण मुख्यतः गेलं ते राजशाहीत, पद्मा नदीच्या काठी. पद्मा म्हणजे आपली गंगाच, तिकडे गेल्यावर नाव बदलतं. घरात लिहिण्या-वाचण्याचं वातावरण. मोठे भाऊ मनीष घटक कवी आणि लेखक होते, आणि या मनीषबाबूंची मुलगी म्हणजे महाश्वेता देवी. ऋत्विक सगळ्यांत धाकटे, आणि एकटे नव्हेत: जुळं होतं ते. बहिणीचं नाव प्रतीती. घरात एकाला भबा म्हणत, दुसरीला भबी. हिचं नाव लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

१९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. पडला म्हणण्यापेक्षा युद्धाच्या धामधुमीत पाडला गेला. लाखो माणसं मेली, आणि खेड्यातून आलेली माणसं कलकत्त्याच्या फुटपाथवर दारोदार भाताची पेज मागत फिरत होती. अठरा वर्षांच्या मुलानं हे पाहिलं. तो कथा लिहायला लागला, मग कथेनं लोकांपर्यंत पोचायला फार वेळ लागतो म्हणून नाटकात आला, ‘इप्टा’त गेला. डावा झाला, तसा तर तो सगळा काळच होता.

मग १९४७. घटकांचं कुटुंब फाळणीच्या आधीच कलकत्त्याकडे सरकलं होतं. म्हणजे डोक्यावर गाठोडं घेऊन सीमा ओलांडणाऱ्या रांगेत ते स्वतः चाललेले नाहीत. पण त्या रांगा येताना मात्र त्यांनी पाहिल्या. सियालदह स्टेशनचे फलाट माणसांनी भरून गेलेले. स्वयंपाक तिथे, बाळंतपण तिथे, मरणही तिथेच. या स्टेशनवर खऱ्या निर्वासितांना घेऊन निमाई घोष यांनी ‘छिन्नमूल’ नावाचा सिनेमा केला, त्यात घटक सहायक होते आणि त्यांनी कामही केलं. सिनेमाची त्यांची शाळा सुरू झाली ती अशी.

इथे एक गोष्ट थांबून समजून घ्यायला हवी, नाहीतर घटकांचा राग कळणार नाही. ही रेष ओढली सिरिल रॅडक्लिफ या ब्रिटिश वकिलानं. तो त्याआधी कधी भारतात आलेला नव्हता. ८ जुलै १९४७ ला तो दिल्लीत उतरला, आणि १७ ऑगस्टला त्याचा निवाडा जाहीर झाला. जेमतेम पाच आठवडे. पंजाबकडे जे झालं ते एका झटक्यात आणि रक्तात झालं, त्यावर आपण सिनेमे पाहिलेत, कादंबऱ्या वाचल्यात. बंगालची फाळणी मात्र ठिबकत राहिली. माणसं १९४७ ला आली, १९५० ला आली, पुढेही येत राहिली. रेष एकदा ओढली गेली, तुटणं मात्र चालूच राहिलं.

आणि प्रतीती? तिचं लग्न झालं कोमिल्लाच्या दत्त घराण्यात. सासरे धीरेंद्रनाथ दत्त. पाकिस्तानच्या घटना समितीत १९४८ मध्ये उभं राहून बंगाली भाषेलाही मान मिळाला पाहिजे अशी मागणी करणारे ते पहिले. १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्यानं त्यांना घरातून उचलून नेऊन मारलं. म्हणजे बघा, जुळ्यांपैकी एक भारतात, एक पाकिस्तानात. भाषा एक, गाणी एक, लहानपण तर शब्दशः एक. घटकांच्या सिनेमात भाऊ आणि बहीण सारखे का येतात, त्यांची ताटातूट का होते, हे मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पहिला सिनेमा ‘नागरिक’. तो १९५२-५३ च्या सुमारास तयार झाला, म्हणजे ‘पाथेर पांचाली’च्याही आधी. पण थिएटरचं तोंड त्यानं पाहिलं १९७७ मध्ये. तेव्हा दिग्दर्शक जिवंत नव्हता.

सिनेमा डब्यात, पक्षाशी भांडण होऊन १९५५ मध्ये पक्षातून हकालपट्टी, नुकतंच लग्न झालेलं. पोटासाठी घटक मुंबईला आले, फिल्मिस्तानमध्ये कथा-पटकथा लिहायला. आणि या काळात त्यांनी काय लिहून ठेवलं माहितेय? ‘मधुमती’! होय, बिमल रॉय यांचा, दिलीपकुमार-वैजयंतीमालाचा ‘मधुमती’, ज्याची गाणी तुमच्या आजीला पाठ असतील. पुनर्जन्माचा तो साचा हिंदी सिनेमा अजून वापरतोय, ‘ओम शांती ओम’चा शेवट आठवा. पण ‘मधुमती’ची सुरुवात घटकांचं आयुष्य माहीत असताना बघा. वादळी रात्र, रस्ता बंद, एक माणूस अनोळखी हवेलीत शिरतो आणि त्याला वाटायला लागतं की आपण इथे आधी राहिलोय. हे माझं वाचन आहे, पटलं नाही तर सोडून द्या. पण घर सुटलेल्या माणसाशिवाय हे कुणाला सुचेल?

मुंबईत ते रमले नाहीत. परत गेले. १९५८ मध्ये ‘अजांत्रिक’ आला, रांचीकडच्या डोंगराळ भागातला एक टॅक्सीवाला आणि त्याची खटारा झालेली शेवरोले यांची गोष्ट. त्या गाडीवर तो बायकोवर करावं तसं प्रेम करतो, रुसतो, तिला पाणी पाजतो. आपल्याला गंमत वाटते, आणि शेवटी ती भंगारात जाते तेव्हा घशात काहीतरी अडकतं. यातले उराँव आदिवासींचे नाच-गाणे केवळ शोभेला नाहीत. याआधी बिहार सरकारसाठी घटकांनी आदिवासी जीवनावर माहितीपट केला होता, त्या माणसांना ते ओळखत होते.

मग आले तीन सिनेमे, एकापाठोपाठ एक. ‘मेघे ढाका तारा’ (१९६०), ‘कोमल गांधार’ (१९६१) आणि ‘सुवर्णरेखा’ (१९६२ मध्ये तयार झाला, लागला १९६५ मध्ये). फाळणीवरची त्रयी म्हणतात हिला. गंमत म्हणजे तिन्हींत फाळणीचा दंगा नाही, कत्तल नाही, ट्रेनभर प्रेतं नाहीत. आहे ते नंतरचं सगळं.

‘मेघे ढाका तारा’ हेडफोन लावून बघा, ही विनंती समजा. नीता नावाची मुलगी, कलकत्त्याबाहेरच्या निर्वासित वसाहतीत राहणारी. म्हातारे शिक्षक वडील, गाण्यात बुडालेला भाऊ, धाकटी बहीण, धाकटा भाऊ. कमावणारी ही एकटी. पगाराच्या दिवशी घरातला प्रत्येक जण काहीतरी मागतो आणि ती देत जाते. चप्पल तुटते, नवी घेत नाही. तिला एक जण आवडतो, त्याच्या शिक्षणालाही हातभार तिचाच. एकदा तो घरी येतो, दोघं बोलत बसतात, आई आतून बघते. आईच्या मनात एकच भीती: ही लग्न करून गेली तर चूल कशी पेटणार? आई काही बोलत नाही. पण साउंडट्रॅकवर चुलीवरचं रटरटणं वाढत जातं, वाढत जातं, इतकं की कान नकोसे होतात.

पुढे तो मुलगा नीताच्या धाकट्या बहिणीशी लग्न करतो. नीताला हे कळतं आणि ती जिना उतरायला लागते. पार्श्वसंगीत म्हणून काय यावं? सारंगी? घटकांनी तिथे चाबकाचा आवाज टाकलाय. हवेत सपकन ओढलेला आसूड. पडद्यावर कुणी कुणाला मारत नाहीये, एक मुलगी फक्त पायऱ्या उतरतेय. प्रयोगशील सिनेमा म्हटलं की आपल्याला काहीतरी अवघड, न कळणारं, फेस्टिव्हलवाल्यांचं वाटतं ना? हा प्रयोग कळायला डिग्री लागत नाही. पाठीवर वळ उठतो.

मला यात सगळ्यात धाडसी काय वाटतं सांगू? घटकांनी निर्वासितांना देव नाही केलं. घर सुटलेल्या माणसांबद्दल आपल्याला दया येते आणि दयेत आपण त्यांना आपोआप चांगलं ठरवून टाकतो. इथे घर गमावलेलं घर स्वतःच्याच मुलीला खातं. आई वाईट नाही, बहीण वाईट नाही. भूक आहे, जागा कमी आहे, आणि एक मुलगी नाही म्हणत नाही. शेवटी क्षय झालेली नीता शिलाँगच्या सॅनेटोरियममध्ये भावासमोर कोसळते, मला जगायचं होतं हे तिच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडतं, आणि कॅमेरा डोंगरांवरून गोल फिरत राहतो, तिचा आवाज त्या दऱ्यांतून घुमत. मी हा सीन लॅपटॉपवर पाहिला होता, भर दुपारी, आणि नंतर बराच वेळ पुढची विंडो उघडली नाही.

घटकांचा चाललेला सिनेमा हाच. ‘कोमल गांधार’ पडला. त्यात नाटक मंडळी आहेत, त्यांची गटबाजी आहे, आणि ती आपल्यावर आहे असं वाटून जुने सहकारी दुखावले. पण त्यातला एक सीन जगभरच्या फिल्म स्कूलमध्ये दाखवायला हवा. नायक-नायिका पद्मेच्या काठावर उभी आहेत. पलीकडे त्यांचं गाव. रेल्वेचे जुने रूळ नदीकडे जातात आणि सीमेपाशी एका अडसराला येऊन संपतात. हे रूळ एके काळी दोन्ही बाजू जोडायचे, आता तोडतात. दोघं बोलत असतात, आणि मग कॅमेरा त्या रुळांवरून सुसाट सुटतो, लोकगायकांचा घोष चढत जातो, वेग वाढतो, आणि अडसराशी आदळून पडदा काळा. बस. संवादाची गरजच नाही. एसटी बंद झाली म्हणजे काय, ते या काही सेकंदांत आहे.

‘सुवर्णरेखा’बद्दल जपून सांगते, कारण तो मूड बघून लावायचा सिनेमा नव्हे. ईश्वर नावाचा निर्वासित, लहान बहीण सीता, आणि आईपासून तुटलेला एक अनाथ पोरगा अभिराम. वसाहत सोडून ईश्वर नोकरीसाठी नदीकाठच्या गावात जातो. लहान मुलं तिथल्या दुसऱ्या महायुद्धातल्या ओसाड धावपट्टीवर खेळतात. मोडक्या विमानाच्या सांगाड्यात त्यांचं विश्व. एक दिवस सीता पळत असते आणि अचानक समोर काली उभी राहते. जीभ बाहेर, हातात शस्त्र. तो असतो गावोगाव सोंगं घेऊन फिरणारा बहुरूपी, पण मुलीची किंकाळी खरी असते. आई म्हणून जिला पुजतो तीच अशी समोर आली तर?

मुलं मोठी होतात, प्रेमात पडतात, आणि मग कळतं की अभिराम तथाकथित खालच्या जातीतला आहे. स्वतः घर गमावलेला ईश्वर या दोघांना दार बंद करतो. रॅडक्लिफ गेला, पण रेषा ओढायची सवय आपल्याकडे आधीपासूनच होती, हे घटक इतक्या शांतपणे दाखवतात की चटका उशिरा बसतो. पुढचं सांगत नाही. फक्त एवढंच की शेवटाकडे असा एक योगायोग येतो की तेव्हाच्या समीक्षकांनी कपाळाला हात लावला. असं कुठे होतं का, म्हणाले. मला उलट विचारावंसं वाटतं, पाच आठवड्यांत एका अनोळखी वकिलानं कोट्यवधींचं घर परदेशात टाकावं, असं तरी कुठे होतं?

आणि हे सगळं तिकडचं, बंगालचं, असं समजू नका. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या या माणसांना बंगालमध्ये जागा पुरेना, तेव्हा सरकारनं त्यांना दंडकारण्यात आणि आसपास पाठवलं. त्यातले हजारो आपल्याकडे आले. गडचिरोलीतल्या मुलचेरा, चामोर्शी भागात आजही बंगाली बोलणारी गावं आहेत. चंद्रपुरात बंगाली कॅम्प नावाचा भागच आहे. तिथला एखादा मित्र असेल तर त्याला मूळ गाव विचारून बघा. आणि मग गप्प बसून ऐका.

‘सुवर्णरेखा’ रखडला, हातात काम नाही, आणि याच वळणावर घटक पुण्यात आले. १९६५ मध्ये. लॉ कॉलेज रोडवर, जिथे प्रभातनं ‘संत तुकाराम’ बनवला त्याच आवारात नव्यानं सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक आणि मग उपप्राचार्य म्हणून. टिकले काही महिनेच. पण त्या महिन्यांनी काय केलं बघा. समोर बसले होते मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम. वर्गापेक्षा झाडाखाली जास्त शिकवायचे, असं तिथले लोक अजून सांगतात. यातल्या शहानींचा जन्म सिंधमधल्या लारकान्याचा. फाळणीनंतर त्यांचं कुटुंब मुंबईला आलेलं. गुरूचं गाव पूर्वेकडच्या पाकिस्तानात, शिष्याचं पश्चिमेकडच्या, आणि गाठ पडली कुठे, तर डेक्कनपासून दहा मिनिटांवर! याच पुण्यात शहानींना दुसरे गुरू भेटले दामोदर धर्मानंद कोसंबी, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. मणी कौलांचा ‘उसकी रोटी’, शहानींचा ‘माया दर्पण’, जॉनचा ‘अम्मा अरियान’ हे एकमेकांसारखे अजिबात नाहीत, घटकांसारखेही नाहीत. चांगल्या मास्तरची याहून मोठी खूण मला माहीत नाही.

आता तो भाग, जो फॅन मंडळी फार रंगवून सांगतात. दारू. घटक प्यायचे, प्रचंड प्यायचे, आणि त्यात कसलंही ग्लॅमर नव्हतं. १९६९ मध्ये त्यांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. तिथेही त्यांनी नाटक लिहिलं आणि रुग्णांना घेऊन बसवलं, हे खरं. पण त्याच वेळी पत्नी सुरमा शाळेत नोकरी करून तीन मुलांचं बघत होत्या, हेही तितकंच खरं. नीताची गोष्ट सांगणाऱ्या माणसाच्या घरात कमावती बाई कोण होती, हा प्रश्न मनात आला तर तो दाबू नका. मला वाटतं घटकांनाही तो छळत असावा. कारण शेवटच्या ‘जुक्ति तक्को आर गप्पो’मध्ये त्यांनी स्वतःच दारुड्या नीलकंठ बागचीची भूमिका केली. सिनेमा सुरू होतो तोच बायको घर सोडून जाताना. त्याच्या मुलाच्या भूमिकेत घटकांचा खरा मुलगा, ऋतबान. नीलकंठ रस्त्यावर येतो, बांगलादेशातून जीव वाचवून आलेली एक मुलगी त्याच्याबरोबर चालू लागते. शेवटी त्याच्या हातातली दारू थेट कॅमेऱ्याच्या भिंगावर सांडते आणि आपल्याला समोरचं काही धड दिसेनासं होतं. स्वतःला इतकं कमी माफ करणारा सिनेमा मी दुसरा पाहिला नाही.

त्याआधी मात्र एक गोष्ट घडली होती, जिची पंचवीस वर्षं वाट पाहिली होती. १९७१ मध्ये बांगलादेश झाला. पुढच्या वर्षी घटक ढाक्याला निघाले. विमान पद्मेवरून जायला लागलं, खाली नदी दिसली, आणि ते रडायला लागले. लहान मुलासारखे. तिथल्या निर्मात्यानं त्यांना सिनेमा दिला: ‘तिताश एकटि नदीर नाम’. अद्वैत मल्लबर्मन यांच्या कादंबरीवरचा. हे अद्वैतबाबू स्वतः तिताश काठच्या मालो कोळी समाजातले. सिनेमात कोळ्यांचं गाव आहे, लग्नं आहेत, गाणी आहेत, भांडणं आहेत, आणि नदी हळूहळू आटत जाते. नदी गेली की मासा गेला, मासा गेला की गाव गेलं. इथे कुणी सीमा आखत नाही, कुणी हाकलत नाही. वर्षानुवर्षं ज्याची आस धरली त्या जागी पोचल्यावर या माणसानं आनंदाचा सिनेमा नाही केला, तर जागाच जागेवर राहत नाही, याचा केला. करता करता स्वतः गंभीर आजारी पडले. २०१० मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या संस्थेनं त्याची प्रिंट नव्यानं स्वच्छ केली, त्यामुळे तुम्हाला ती नीट बघता येईल.

६ फेब्रुवारी १९७६ ला कलकत्त्यात ते गेले. जुळी बहीण प्रतीती त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं जगली, ढाक्यात, २०२० पर्यंत. आणि राजशाहीचं घर, ज्या घरातून पोरगा पद्मेवर पळायचा, ते बरीच वर्षं एका होमिओपॅथी कॉलेजच्या आवारात उभं होतं. तिथले सिनेमावेडे तरुण ते जपावं म्हणून मागणी करत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये, बांगलादेशात सरकार कोसळलं त्या गोंधळाच्या दिवसांत, ते पाडलं गेलं. मुलं पोचली तेव्हा विटांचा ढीग होता. घटकांच्या जन्मशताब्दीला तेव्हा सव्वा वर्ष उरलं होतं.